जालन्याचे ताट आणि जालन्याचे पाणी

शहराने खावे आणि खेड्याने पिकवावे, अशी श्रमविभागणी आज इतकी स्वाभाविक मानली जाते की, शहराचा अन्नाशी असलेला संबंध केवळ खरेदीचा असतो असे गृहीत धरूनच नगरनियोजन केले जाते. मराठवाड्यातील जुन्या शहरांचा इतिहास मात्र या गृहीतकाला फारसा दुजोरा देत नाही. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर याच्या काळात जालन्याचा कारभार पाहणाऱ्या जमशेद खानाने शहराच्या वायव्येस मोती तलाव बांधला, जमिनीखालून नळ टाकून ते पाणी वस्तीतील हौदांपर्यंत पोहोचवले, आणि त्या काळच्या भरभराटीत या शहराला पाच तलाव होते असे सांगितले जाते. तलावाच्या पोटात आणि शहराच्या पश्चिम अंगाला फळबागा व मळे वाढले, त्यांतील फळे पुढे मुंबईपर्यंत जात असत, अशी नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये आढळते. ज्या तलावाने शहराची तहान भागवली त्याच्याच ओलाव्यावर शहराची भाजी आणि फळे पिकली, म्हणजे पाणीपुरवठा आणि अन्नपुरवठा ही दोन वेगवेगळी खाती नव्हती. मोतीबाग हे आज फिरायला जाण्याचे ठिकाण असले तरी त्याच्या नावात उरलेली बाग ही मुळात याच व्यवस्थेची आहे.

स्थानिक अन्न आणि घरगुती परसबाग यांना शहराने आधार कसा द्यावा, या प्रश्नाची चर्चा सामान्यतः कुंड्या, बियाण्यांची पाकिटे आणि गच्चीवरच्या हिरवाईची छायाचित्रे यांच्याभोवती फिरते. जालन्यासारख्या शहरात ती तेथे सुरू करणे चुकीचे ठरते, कारण येथे बियाणे मुबलक आहे, जमीनही अपुरी नाही, आणि शेतीचे ज्ञान तर घरोघरी एका पिढीच्या अंतरावर आहे. कमतरता आहे ती पाण्याची, आणि त्याहूनही अधिक, वापरलेल्या पाण्याकडे पाहण्याच्या दृष्टीची. जिल्ह्याचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान सातशे मिलिमीटरच्या आत-बाहेर असून ते बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि त्यातही मोजक्या दिवसांत, पडते. २०१२ च्या दुष्काळात शहराला पाणी देणारे तलाव कोरडे पडले, टँकर हा नागरी जीवनाचा आधार झाला आणि जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा शेतकऱ्यांना विकतच्या पाण्यावर जगवाव्या लागल्या. त्यानंतर जायकवाडीहून जलवाहिनीने पाणी आले, तरी अनेक वस्त्यांमध्ये नळ कित्येक दिवसांच्या अंतराने येतो ही स्थिती बदललेली नाही. प्यायला पाणी साठवून ठेवणाऱ्या घराला ‘भाजी लावा’ असा उपदेश करण्यापूर्वी पाण्याचा हिशेब मांडणे आवश्यक आहे.

हा हिशेब शहराच्या ताटापासून सुरू करता येतो. २०११ च्या जनगणनेनुसार जालना शहराची लोकसंख्या २,८५,५७७ होती. आज ती अर्थातच जास्त आहे, पण अधिकृत आकडा म्हणून तोच धरावा लागतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारविषयक मार्गदर्शनात प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या सुचवल्या आहेत. सर्वांनी तेवढी भाजी खाल्ली, असे मानले तर शहराला रोज ११४ टन, म्हणजे वर्षाला जवळपास ४१,७०० टन भाजी लागेल. भाजीपाल्याचे सरासरी उत्पादन हेक्टरी २० टन आणि वर्षातून दोन पिके असे ढोबळ प्रमाण धरल्यास यासाठी हजारएक हेक्टर जमीन पुरते. सुमारे ७,७०० चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्यात ती मध्यम आकाराच्या एक-दोन गावांच्या शिवाराइतकी भरते. जमिनीचा प्रश्न येथेच संपतो. परंतु एका भाजीपिकाला हंगामात सुमारे ४५० मिलिमीटर पाणी लागते असे मानले, तर या सर्व पिकांना मिळून वर्षाला ९४० कोटी लिटर पाणी हवे, आणि त्यातील पावसाळी पिकाचा काही भाग आकाशातून मिळाला तरी उरलेला शोधावाच लागतो.

आता दुसरी बाजू पाहावी. माणशी रोज १०० लिटर या माफक दराने पुरवठा झाला तर हेच शहर वर्षाला सुमारे १,०४० कोटी लिटर पाणी घरांत वापरेल, आणि अभियांत्रिकीतील प्रचलित मापानुसार त्यातील ८० टक्के, म्हणजे ८३० कोटी लिटर, सांडपाणी म्हणून बाहेर पडेल. पुरवठा कमी झाला तर हा आकडाही त्या प्रमाणात खाली येईल, तरीही निष्कर्षाची दिशा बदलत नाही: शहराची भाजी पिकवण्यास लागणारे पाणी आणि शहर गटारात सोडत असलेले पाणी ही दोन्ही परिमाणे एकमेकांच्या जवळपास आहेत. सांडपाणी हा जालन्याचा न मोजलेला तलाव आहे, आणि आज तो कुंडलिका व सीना या नद्यांच्या पात्रांत रिकामा होतो.

सांडपाणी शेतीला देणे ही कल्पना नवी नाही आणि निर्धोकही नाही. इस्रायल आपल्या सांडपाण्यापैकी बहुतांश शुद्ध करून शेतीकडे वळवतो, ही गोष्ट मराठवाड्यातील शेतीविषयक भाषणांत नेहमी सांगितली जाते, मात्र त्या देशाने त्याआधी शुद्धीकरणावर, स्वतंत्र जलवाहिन्यांवर आणि तपासणीवर किती खर्च केला, याचा उल्लेख भाषणांत क्वचितच येतो. महाराष्ट्रात नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते. पुण्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून ते जुन्या बेबी कालव्याद्वारे शेतीकडे सोडण्याची व्यवस्था झाली. प्रक्रिया न केलेल्या किंवा अर्धवट केलेल्या पाण्यात रोगजंतू आणि कृमींची अंडी असतात, आणि कारखान्यांचे पाणी त्यात मिसळले तर जड धातूही येतात. पोलादाच्या रोलिंग मिलसाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या शहराने ही शेवटची बाब विशेष गांभीर्याने घेतली पाहिजे. म्हणून घरगुती आणि औद्योगिक सांडपाण्याचे मार्ग पूर्णपणे वेगळे ठेवणे, शुद्ध केलेले पाणी ठिबकने मुळाशी देणे, ते आधी फळझाडे, चारा आणि शिजवून खाण्याच्या फळभाज्यांना वापरणे, तसेच काकडी, कोथिंबीर, मुळा यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांना त्यापासून दूर ठेवणे, हे नियम अनिवार्य ठरतात. नदीकाठी गटाराच्या पाण्यावर पिकलेली स्वस्त पालेभाजी ग्राहकाला ओळखता येत नाही, आणि ती ओळखण्याची जबाबदारी ग्राहकावर टाकणे हे नगरप्रशासनाने आपले काम सोडून देण्यासारखे आहे.

घराच्या पातळीवर हाच विचार अधिक सोपा होतो. दहा चौरस मीटरच्या वाफ्याला, म्हणजे साधारण एका लहान खोलीएवढ्या जागेला, उन्हाळा सोडून रोज ४० ते ५० लिटर पाणी लागते. पाच माणसांच्या घरातून अंघोळ, कपडे आणि भांडी यांचे निघणारे पाणी, नळ आठवड्याने येत असला तरी, सहसा याहून जास्त असते. या पाण्याला नियोजनाच्या भाषेत करडे पाणी म्हणतात; शौचालयाचे मैलायुक्त पाणी त्यात धरले जात नाही. ते विटांच्या तुकड्यांच्या व वाळूच्या थरांतून गाळून केळी, अळू, पपई, शेवगा किंवा कढीपत्ता यांच्या आळ्यात सोडले तर कोणत्याही यंत्राविना त्याचा उपयोग होतो. खेड्यांत न्हाणीच्या मोरीपाशी अळू आणि केळी असतात ती याच कारणाने. डिटर्जंटमधील सोडियममुळे काळी माती घट्ट होत जाते व तिच्यातून पाण्याचा निचरा होत नाही, म्हणून कपड्यांचे साबणाचे पाणी रोज एकाच आळ्यात न सोडता जागा बदलत राहणे आणि पावसाळ्यात ती माती पावसाने धुऊन निघू देणे इष्ट असते.

पावसाच्या पाण्याविषयी एक सोपे सूत्र आहे: एक चौरस मीटर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमते. त्या हिशेबाने शंभर चौरस मीटरच्या छतावर जालन्याच्या सरासरी पावसात, वाया जाणारा पंचमांश वगळूनही, वर्षाला ५५,००० लिटर पाणी उतरते. हे सर्व साठवण्याएवढी टाकी कोणतेही मध्यमवर्गीय घर बांधू शकत नाही. म्हणून एक-दोन हजार लिटर साठवून बाकीचे शोषखड्ड्यातून किंवा गाळणीद्वारे विंधन विहिरीच्या परिसरात जिरवणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. मराठवाड्याची भूमी बेसाल्ट या कठीण अग्निजन्य खडकाची असून पाणी अखंड खडकात नव्हे, तर वरच्या मुरमाच्या थरात आणि भेगांमध्ये साठते. त्यामुळे साठा थोडा आणि स्थानिक असतो. एका गल्लीत जिरवलेले पाणी बहुधा त्याच गल्लीच्या बोअरला लाभते, आणि या योजनेसाठी शेजाऱ्यांची एकजूट होण्यास यापेक्षा चांगले कारण सापडणार नाही. पुणे महानगरपालिका पर्जन्यजलसंचय, गांडूळखत व सौरऊर्जा यांसाठी मालमत्ताकरात पाच ते दहा टक्के सवलत देते. जालन्यातही अशी सवलत केवळ यंत्रणा बसवल्याच्या दाखल्यावर न देता ती चालू असल्याच्या वार्षिक तपासणीवर दिली, तर तिचा उपयोग होईल.

दहा चौरस मीटरच्या वाफ्यातून नेमके किती मिळते, याबद्दल मात्र फार मोठ्या अपेक्षा पसरवल्या जातात. पालेभाजी एका पिकात चौरस मीटरला सरासरी किलोभर निघते. वर्षातून पाच पिके घेतली तर अशा वाफ्यातून ५० किलो भाजी मिळेल. पाच जणांच्या कुटुंबाची वर्षाची भाजीची गरज ७३० किलो आहे, म्हणजे हा वाफा त्यातील सात टक्केच भागवतो. परंतु रोजच्या भाजीत पालेभाज्यांचा वाटा माणशी १०० ग्रॅम धरला, तर त्या गरजेचा चौथ्या भागाहून किंचित अधिक हिस्सा याच वाफ्यातून निघतो. परसबागेचे खरे स्थान येथे आहे: ती घराचे पोट भरत नाही, पण ताटातील जी वस्तू सर्वांत आधी सुकते, सर्वांत लवकर महाग होते आणि गरिबाच्या जेवणातून सर्वांत आधी गळते, ती पालेभाजी ताजी पुरवते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. लोह आणि फोलेट देणाऱ्या पालेभाज्या हा त्यावरचा एकमेव उपाय नसला, तरी सर्वांत स्वस्त उपायांपैकी तो एक आहे, आणि सोबत लिंबू पिळले तर त्यातील लोह शरीरात अधिक शोषले जाते. तांदुळजा, घोळ, अंबाडी, चुका, चाकवत, पाथरी या मराठवाड्यातील ओळखीच्या भाज्यांपैकी कित्येक तर फारशी निगा न घेता वाढतात. बाजारात त्यांना भाव नसल्याने त्या मंडईत कमी दिसतात, आणि मंडईत दिसत नसल्याने शहरातल्या नव्या पिढीला ओळखू येत नाहीत.

ग्रामीण भागात राज्याच्या ‘उमेद’ अभियानाने २०२० पासून ‘माझी पोषण परसबाग’ मोहीम राबवली, तिच्यात महिला बचतगटांमार्फत घराजवळ भाज्यांचे वाफे करण्यावर भर होता. शालेय पोषण आहाराच्या जोडीनेही शाळांमध्ये परसबागा सुरू झाल्या. या मोहिमांची मांडणी गावासाठी केलेली होती. शहरात गच्चीवरील बागेविषयी जे लिहिले-बोलले जाते त्यात, घराला काँक्रीटची गच्ची आहे, हे न बोलता गृहीत धरलेले असते. जालन्याच्या कितीतरी वस्त्यांमध्ये घरावर पत्रे आहेत, अंगण दोन पावलांचे आहे आणि पाणी पिंपात साठवलेले आहे. तेथे पोत्यात किंवा फुटक्या टोपल्यात लावलेला दोडका, भोपळा वा वाल दोरीने पत्र्यावर चढवणे हीच परसबाग असते, आणि त्या वेलामुळे उन्हाळ्यात पत्राही कमी तापतो. ज्यांच्याकडे गच्ची आहे त्यांच्यासाठी वेगळी सूचना आवश्यक आहे. ओली माती घनमीटरला १,६०० ते १,८०० किलो भरते, म्हणजे केवळ १५ सेंटिमीटर जाडीचा मातीचा वाफा छताच्या प्रत्येक चौरस मीटरवर अडीचशे किलोच्या आसपास भार टाकतो, तर सामान्य घराच्या वापरत्या गच्चीची रचना चौरस मीटरला सुमारे १५० किलोच्या वापरभारासाठी केलेली असते. म्हणून गच्चीवर मातीऐवजी पालापाचोळ्याचे खत आणि नारळाचा काथ्या अधिक वापरणे, वाफे भिंती व तुळयांच्या रेषेवर ठेवणे आणि गळती रोखण्याचा थर आधी पक्का करणे, हे अभियंत्याला विचारूनच करावे.

कमी मातीत भाजी पिकवण्याच्या या विचाराला महाराष्ट्रात भक्कम वैचारिक परंपरा आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या नावाने शेतकऱ्यांचे जे जाळे उभे केले, त्याचा गाभा असा होता की, पीक हे मुळात पानावर पडलेल्या सूर्यप्रकाशाचे रूपांतर आहे, तेव्हा शेतकऱ्याने जमिनीचे क्षेत्र मोजण्याऐवजी पानांचे क्षेत्र मोजावे आणि कुजलेल्या जैविक वस्तुमानातून स्वतःची माती स्वतः तयार करावी. घराच्या कोपऱ्यातही हे करता येते. ओला कचरा नत्रयुक्त असतो, वाळलेली पाने कर्बयुक्त असतात. कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्ब आणि नत्र साधारण २५ ते ३० भागांस एक या प्रमाणात लागतात, म्हणून नुसत्या भाजीच्या देठांचा ढीग केला तर दुर्गंधी येते आणि नुसत्या पानांचा केला तर तो महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो. दोन्ही एकत्र केले, ओल टिकवली आणि ढीग अधूनमधून वरखाली केला की दोन-तीन महिन्यांत खत तयार होते. भारतीय शहरांच्या घनकचऱ्यात ओल्या कचऱ्याचा वाटा ढोबळमानाने निम्मा असतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी तो घरातच वेगळा करणे बंधनकारक केले, आणि राज्य शासनाने शहरांत तयार होणाऱ्या कंपोस्टसाठी ‘हरित महासिटी कंपोस्ट’ ही नाममुद्राही तयार केली. असे असूनही रस्त्याकडेचा पाचोळा सकाळी पेटवला जातो आणि दुपारी त्याच गल्लीत नर्सरीवाला खताची पिशवी विकतो. प्रभागागणिक पाचोळा साठवण्याची एक जाळी आणि खताची तपासणी करून ते नागरिकांना परत देण्याची सोय, एवढ्या दोन गोष्टींनी ही विसंगती दूर होऊ शकते. यासोबत तलावांतील गाळही आहे. हैदराबादच्या निजामाच्या काळात बांधलेल्या घाणेवाडी तलावातून नागरिकांच्या पुढाकाराने गाळ काढण्यात आला तेव्हा तो शेतकऱ्यांनी आपल्या शेतांत नेऊन पसरवला. तलावाची साठवणक्षमता आणि शेताची सुपीकता एकाच खर्चात वाढते, याचे हे शहराच्या डोळ्यांसमोरचे उदाहरण आहे.

बियाण्याच्या बाबतीत जालन्याचे स्थान देशात वेगळे आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्या या वाटचालीचा आरंभ भेंडीच्या ‘पुसा सावनी’ या वाणाच्या बियाण्यापासून झाला होता. आज जाफराबाद तालुक्यात आणि शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा परिसरात शेडनेटखाली मिरची, टोमॅटो आदींचे संकरित बियाणे तयार होते. फुलातील पुंकेसर हाताने काढून दुसऱ्या वाणाचे परागकण लावण्याचे ते किचकट काम, ज्याला शेतकरी ‘क्रॉसिंग’ म्हणतात, प्रामुख्याने स्त्रिया करतात. संकरित बियाण्याचे पीक जोमदार येते, परंतु त्या पिकातून घरी धरलेले बी पुढच्या वर्षी एकसारखी झाडे देत नाही, कारण दोन जनकांचे गुण पुन्हा विखुरतात. सरळ वाणाचे तसे नसते. ‘पुसा सावनी’ हा सरळ वाण होता, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाने दिलेला ‘परभणी क्रांती’ हा भेंडीचा वाणही सरळच आहे. घरच्या वाफ्यासाठी सरळ वाण पुरेसे असतात. मेथी, चवळी, गवार, वाल यांच्या फुलांत स्वपरागीकरण होत असल्याने त्यांचे बी घरी धरणे सोपे जाते. भोपळा, दोडका, काकडी यांच्यात मधमाश्या परागकण दूरवर नेतात, म्हणून त्यांचे शुद्ध बी राखण्यास अंतर ठेवावे लागते. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची बियाणे बँक उभारली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कोट्यवधी पाकिटे देशभर पाठवणाऱ्या जालना शहरात मात्र प्रभागातील नागरिकाला मूठभर अंबाडीचे बी कोठे मिळेल, याची निश्चित जागा असू नये, ही शोभणारी गोष्ट नव्हे. शहरालगतच्या खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्र, बदनापूरचे संशोधन केंद्र आणि येथील बियाणे उद्योग यांच्या सहकार्याने सार्वजनिक वाचनालयांमध्ये बीजपेटी ठेवता आली, तर त्यास खर्च जवळजवळ लागणार नाही.

परंतु शहराची ९० टक्क्यांहून अधिक भाजी परसबागेबाहेरूनच येणार असल्यामुळे, आसपासच्या शेतकऱ्यासाठी शहर काय करते हा प्रश्न अधिक वजनदार आहे. विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने जालना तालुक्यातील कडवंची गावात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून माथा ते पायथा पद्धतीने मृद व जलसंधारणाची कामे केली. बांधबंदिस्ती, चर आणि पुढे शेततळी यांच्या बळावर हे गाव द्राक्षबागांसाठी प्रसिद्ध झाले आणि दुष्काळाच्या वर्षांतही बागा टिकवू शकले. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये आणि येथील दगडी ज्वारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे या वस्तूंचे गुण या भूमीशी निगडित आहेत हे कायद्याने मान्य झाले. पण मानांकन मिळालेली ज्वारी शहरातल्या कोणत्या दुकानात मिळते, असे विचारले तर सामान्य ग्राहक गोंधळून जाईल. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये काढलेल्या अनुमानानुसार ग्राहकाने टोमॅटोसाठी दिलेल्या शंभर रुपयांपैकी शेतकऱ्याच्या हाती ३३, कांद्यासाठीच्या शंभरांतून ३६ आणि बटाट्यासाठीच्या शंभरांतून ३७ रुपये पडतात. २०१६ मध्ये राज्याने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजारांची योजना सुरू झाली. कायद्याने वाट मोकळी झाली, तरी शेतकऱ्याला शहरात बसायला सावली, प्यायला पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह, मालाला विश्वासू वजनकाटा आणि ठरलेल्या दिवशी न हलणारी जागा लागते, आणि या पाचही गोष्टी राज्य शासनाने नव्हे तर शहरानेच द्यायच्या असतात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने ‘नैसर्गिक बाजार’, म्हणजे ग्राहक आणि विक्रेते वर्षानुवर्षे आपसूक जमत आलेली जागा, विचारात घेण्यास सांगितले आहे. नगर विक्रेता समितीने अशा जागा निश्चित करताना पहाटे डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या शेतकरी स्त्रीलाही विक्रेती मानले पाहिजे.

अर्जेंटिनातील रोझारियो शहराने २००१ च्या आर्थिक अरिष्टानंतर, २००२ पासून, पडीक व पूरप्रवण सार्वजनिक जमिनी गरीब कुटुंबांना भाजी पिकवण्यासाठी कायदेशीर हक्काने वापरायला दिल्या, त्यांना प्रशिक्षण दिले आणि शहरातच विक्रीच्या जागा करून दिल्या. २०२१ मध्ये या कार्यक्रमाला आंतरराष्ट्रीय नागरी पुरस्कार मिळाला. त्या शहराची लोकसंख्या जालन्याहून कितीतरी मोठी आहे, तेव्हा त्याची नक्कल करण्याचे कारण नाही, परंतु एक गोष्ट तेथून घेण्यासारखी आहे: बागेची जागा तात्पुरत्या मेहरबानीवर न ठेवता ती नगररचनेच्या नकाशात नोंदवली गेली. जालन्यातही वसाहतींच्या आराखड्यांत राखलेल्या खुल्या जागांचा एक कोपरा रहिवाशांच्या सामायिक भाजीबागेस लेखी कराराने देता येईल, मात्र औद्योगिक वसाहतीजवळच्या किंवा पूर्वी भंगार साठवलेल्या जमिनीवर वाफे करण्याआधी माती परीक्षण करून घेणे आवश्यक राहील.

२०२३ मध्ये जालना ही राज्यातील २९ वी महानगरपालिका झाली. समृद्धी महामार्ग आणि ड्रायपोर्ट यांमुळे शहराभोवतीच्या जमिनीचे मोल बदलले आहे, आणि पाण्याजवळचे मळे हेच बांधकामासाठीही सर्वांत आकर्षक असल्याने ते सर्वांत आधी अकृषिक होतात. एकदा भराव टाकून प्लॉट पडले की ती काळी माती परत मिळत नाही. नव्या महानगरपालिकेच्या विकास आराखड्यात कुंडलिकेच्या दोन्ही अंगांचे उरलेले मळे शेतीसाठी राखीव दाखवले गेले आणि शुद्धीकरण केंद्रापासून त्यांच्यापर्यंत जाणारी जलवाहिनी त्याच नकाशावर आखली गेली, तर स्थानिक अन्नाचे धोरण जालन्यात सुरू झाले असे म्हणता येईल. ही दोन कामे टाळून परसबागेच्या स्पर्धा आणि कुंड्यांची प्रदर्शने कितीही भरवली, तरी ते धोरण ठरणार नाही.